इलेक्ट्रिक एलेरॉन ट्रिम सारखं बंद पडतंय? सर्वो बदलायच्या आधी हे बघून घ्या

एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा, विमानाला डावी-उजवीकडे कलवणारा हलता भाग, आणि ट्रिम म्हणजे सतत हाताने जोर न लावता विमान सरळ राहावं म्हणून केलेली सोय. घरी बांधलेल्या विमानात एलेरॉनचं इलेक्ट्रिक ट्रिम बसवणाऱ्यांची एकच तक्रार फिरून फिरून येते. बसवलं, छान चाललं, मग मध्येच बंद. पॅनेल काढलं, वायर जरा हलवल्या, चालू झालं, पॅनेल लावून टाकलं, आणि थोड्या फ्लाइट्सनंतर पुन्हा तेच. मग माणूस वैतागून नवा सर्वो (ट्रिम हलवणारी छोटी मोटर) मागवतो, तो बसवताना कनेक्टर काढून परत लावला जातो म्हणून काही दिवस चालतं, आणि परत बंद पडलं की म्हणतो हापण डिफेक्टिव्ह निघाला. असली ट्रिम्स मी भरपूर उघडलीत. सर्वो क्वचितच दोषी असतो. दोष जॉइंटमध्ये असतो, स्विचमध्ये असतो, बिजागरीत असतो, आणि कधीकधी तर ट्रिम ठणठणीत असतं, विमानच एका बाजूला ओढत असतं.

आधी लक्षणं. तुमचं यातलं कुठलं ते नक्की ठरवा, कारण पुढचा सगळा रस्ता त्यावर आहे.

– बटण दाबलं तर काहीच नाही. आवाज नाही, इंडिकेटर (ट्रिम कुठे आहे ते दाखवणारे दिवे) जागचा हलत नाही.
– एका बाजूला जातं, दुसऱ्या बाजूला नाही.
– जमिनीवर ठीक, हवेत हळू, कण्हत कण्हत, किंवा मध्येच थांबतं.
– सर्वो फिरतो, इंडिकेटर टोकाला जातो, पण पंख आपला जड तो जडच, म्हणजे विमान त्या बाजूला कलतच राहतं.
– रेडिओवर बोलताना इंडिकेटरचे दिवे नाचतात.
– ब्रेकर उडतो किंवा फ्यूज जातो.
– बटण सोडलं तरी ट्रिम चालूच राहतं, किंवा हात न लावता आपोआप सरकतं.
– ठराविक वेगाला स्टिकमध्ये (विमान वळवायच्या दांड्यात) बारीक थरथर लागते, वेग कमी केला की जाते.

शेवटची दोन असतील तर ही पोस्ट वाचा जरूर, पण विमान जमिनीवरच ठेवा. थरथर हे फ्लटरचं, म्हणजे हवेच्या जोराने वाढत जाऊन भाग तोडू शकणाऱ्या कंपनाचं, पहिलं लक्षण असू शकतं आणि त्यावर "पुढच्या वेळी जरा लक्ष ठेवू" हा उपाय नाही.

टूलबॉक्स उघडायच्या आधी

"पंख जड" ही तक्रार असेल तर आधी इंधन बघा. डाव्या-उजव्या टाकीचा वेगळा सिलेक्टर असलेल्या विमानात एका टाकीवर बराच वेळ उडलात की दुसरी बाजू जड होणारच. अ‍ॅव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) लिटरला साधारण ०.७२ किलो भरतं, म्हणजे ४० लिटरचा फरक झाला की एका पंखात जवळजवळ २९ किलो जास्त, आणि तेही मध्यापासून लांब. ट्रिम एका टोकाला जाऊन बसलं तर त्यात नवल काही नाही, ते त्याचं काम करतंय. शेजारी-शेजारी सीटवाल्या विमानात एकटे उडत असाल तर तुमचं स्वतःचं वजनही त्यात धरा. दोन्ही टाक्या सारख्या करून परत उडवून बघा, खर्च शून्य.

दुसरं म्हणजे बॉल. स्लिप इंडिकेटरचा बॉल मध्ये नसेल तर विमान तिरकं उडतंय, आणि तिरकं उडणारं विमान डायहेड्रलमुळे (पंखांची टोकं वर उचललेली असतात त्यामुळे) एका बाजूला कलतं. लोक ते एलेरॉन ट्रिमने दाबायला जातात, मग वेग बदलला की पुन्हा कलतं, मग म्हणतात ट्रिम टिकत नाही. पायाने बॉल मध्ये आणा, मग स्टिक सोडा, मग ठरवा की पंख जड आहे का. पायच सतत द्यावा लागत असेल तर तुमचा प्रॉब्लेम रडर ट्रिमचा आहे, एलेरॉनचा नाही.

तिसरं, ऑटोपायलट बंद करून तपासा. तो चालू असताना तुम्हाला ट्रिम बिघडल्याचं कळतच नाही, कारण रोल सर्वो गुपचूप जोर लावून पंख सरळ धरत असतो. सोडला की विमान एकदम कलंडतं आणि लोकांना वाटतं ऑटोपायलटने काहीतरी केलं.

ब्रेकर, बटण आणि कान

इंजिन बंद, मास्टर स्विच चालू, आणि एक माणूस पंखाजवळ कान लावून उभा. प्रोपपासून लांब, हे सांगायला नको. आतला माणूस बटण दाबणार, बाहेरचा ऐकणार. मल्टिमीटर काढायच्या आधी एवढ्यावरून अर्धा तपास होतो.

काहीच आवाज नाही तर फ्यूज किंवा ब्रेकर बघा. या ट्रिम मोटरी अगदी थोडा करंट खातात, त्यामुळे ब्रेकर सहसा १ अँपियरचा असतो. तो उडाला असेल तर जमिनीवर एकदा रीसेट करून बघायला हरकत नाही, पण परत उडाला तर वायर कुठेतरी घासून बॉडीला लागतेय किंवा मोटर अडकलीय, तेव्हा शोधल्याशिवाय पुन्हा दाबायचा नाही. आणि कृपा करून १ च्या जागी ५ चा टाकू नका. ब्रेकर वायर वाचवायला असतो. केसासारख्या बारीक वायरीतून ५ अँपियर जायला लागले की धूर पंखात होतो, जिथे तुमचा हात पोचत नाही.

रिले (बटणाच्या छोट्या करंटवर मोटरचा करंट जोडणारे स्विच) असतील तर बटण दाबल्यावर टिक ऐकू यायला हवं. टिक येतंय पण मोटर नाही, म्हणजे बटण आणि स्टिकमधली वायर चांगली, दोष पुढे. टिकच नाही, तर दोष बटणाच्या बाजूला. स्टिकच्या आतून खाली येणारा वायरचा गुच्छ स्टिकबरोबर सतत वाकतो आणि तिथे वायर तुटणं अगदी नेहमीचं आहे, तेव्हा स्टिक चारी बाजूंना फिरवत बटण दाबून ठेवा आणि आवाज कुठे तुटतो ते ऐका.

आता खरा गुन्हेगार: जॉइंट

इथे मी जरा वेळ घेणार आहे कारण परत परत येणाऱ्या दोषांपैकी बहुतेक सगळे इथेच सापडतात.

छोट्या विमानांत जे ट्रिम सर्वो सर्रास दिसतात, उदाहरणार्थ रे अ‍ॅलनचे, त्यांना पाच वायरी असतात. दोन पांढऱ्या मोटरच्या, आणि नारिंगी, निळी, हिरवी या पोझिशन सेन्सरच्या. या वायरी २६ गेजच्या, म्हणजे फारच बारीक. डी-सब कनेक्टरच्या नेहमीच्या पिना २० ते २४ गेज वायरीसाठी असतात, त्यामुळे २६ ची वायर सरळ घालून क्रिम्प केली (पीन दाबून तारेवर बसवली) तर वरून मस्त दिसते पण आत तांब्याला पकड कमी पडते. इंजिनची थरथर, गरम-थंड, आणि एक दिवस ती पीन आतल्या आत सुटी होते, बाहेर कनेक्टर घट्टच. उपाय सोपा आहे, इन्सुलेशन दुप्पट लांब सोलून तार परत स्वतःवर दुमडायची आणि मग क्रिम्प करायची. पिनेच्या बाजूच्या छोट्या भोकातून तांबं दिसलं पाहिजे, नाही दिसलं तर ती पीन फेकून द्या, परत वापरू नका.

सोल्डर केलेले जॉइंट बघताना सोल्डरकडे नका बघू, त्याच्या जरा मागे बघा. सोल्डर तारांमध्ये वर चढतं, तेवढा भाग काडीसारखा कडक होतो, आणि जिथे कडक संपून मऊ सुरू होतं नेमकी तिथेच वायर मोडते. इन्सुलेशन शाबूत असतं म्हणून डोळ्याला काही कळत नाही. वायर दोन बोटांत धरून हळूहळू वाकवत सरकवत न्या. तांबं शाबूत असेल तिथे वायर गोल वळते, तुटलेलं असेल तिथे एकदम कोपऱ्यासारखी दुमडते आणि बोटाला पोकळ लागते. एकदा हा फरक हाताला कळला की पुढच्या वेळी अंधारातसुद्धा सापडेल. असा जॉइंट कापून नव्याने करा आणि दोन्ही बाजूंना वायर बांधून ठेवा म्हणजे हालचाल जॉइंटवर येणार नाही.

सर्वो एलेरॉनच्या आत असेल तर वायरी बिजागरी ओलांडतात. प्रत्येक वेळी एलेरॉन हललं की त्या वाकतात. मदतनीसाला बटण दाबून धरायला सांगा आणि तुम्ही एलेरॉन पूर्ण वर-खाली करा. सर्वोचा आवाज ठराविक जागी तुटत असेल तर झालं, तुटकी वायर बिजागरीपाशी आहे. तिथे वायरला सैल वळसा हवा, ताण नको, आणि शीटमधून जिथे आत शिरते तिथे ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रबराची कडी) हवंच. ग्रोमेट नसलेलं भोक म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची सुरी.

आता मल्टिमीटर. सगळे काय करतात, कनेक्टर काढतात, पिनांवर व्होल्टेज मोजतात, १२ व्होल्ट दिसले की म्हणतात वायरिंग ओके, सर्वो गेला. हे चुकीचं आहे. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे वीसपैकी एकच तार शाबूत असली तरी तो तुम्हाला पूर्ण १२ दाखवणार. मोटर चालू असताना मोजा. मोटरच्या दोन पांढऱ्या वायरींमध्ये किती येतंय आणि त्याच वेळी बॅटरीवर किती आहे, हे दोन्ही आकडे लिहा. हिशोबासाठी सांगतो, २६ गेजच्या वायरीचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ०.१३ ओहम, जाऊन-येऊन १० मीटर वायर पकडली तर १.३ ओहम, मोटर ०.२ अँपियर घेत असेल तर पाव व्होल्टच्या आसपास पडणार. अर्ध्या व्होल्टपर्यंत मी सोडून देतो. दोन-तीन व्होल्ट पडत असतील तर कुठेतरी जॉइंट खाऊन टाकतोय, आणि "जमिनीवर ठीक, हवेत हळू" याचं कारण बरेचदा हेच निघतं, कारण हवेत टॅबवर (एलेरॉनच्या मागच्या कडेला बसवलेली, सर्वोने हलणारी छोटी पट्टी) जोर येतो, मोटर जास्त करंट मागते आणि खराब जॉइंट तो देऊ शकत नाही. हातात बल्ब असेल, छोटा १२ व्होल्टचा इंडिकेटर बल्ब, तर मोटरच्या जागी तो लावूनही बघता येतं. मिणमिणला की कळलं.

अर्थिंग विसरू नका. धातूच्या विमानात लोक जवळच्या रिबला स्क्रू मारून अर्थ घेतात, त्याखाली प्रायमर नाहीतर गंज, आणि मग दमट हवेत एक वागणूक, कोरड्या हवेत दुसरी. फायबर किंवा कार्बनच्या विमानात तर बॉडीला अर्थ म्हणून धरताच येत नाही, निगेटिव्हची वायर थेट अर्थ बसपर्यंत न्यावीच लागते.

सर्वो खरंच मेलाय का?

नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी घ्या. सर्वोचा कनेक्टर विमानापासून सोडवा, आधी हे, म्हणजे बॅटरीचा करंट उलटा विमानात शिरणार नाही. दोन पांढऱ्या वायरी बॅटरीच्या दोन टोकांना लावा. सर्वो सरकायला हवा, थोडा हळू, ते चालतं. वायरी उलट केल्या की परत यायला हवा. टोकाला गेलेला असेल तर एका दिशेला तो चालणारच नाही कारण आतला लिमिट स्विच उघडलेला असतो, तेव्हा एका दिशेवरून निकाल देऊ नका, उलटं करून बघा.

बॅटरीवर दोन्ही दिशांना नीट चालला तर सर्वो चांगला आहे आणि नव्याचे पैसे वाचले. नाही चालला, तर वायर सर्वोच्या बॉडीतून बाहेर येते तिथे ती तुटलीय का बघा, आणि तसंही नसेल तर बदला. उघडून आतले गिअर आणि बारीक पट्ट्या परत बसवणं हा टाइमपास म्हणून ठीक, उडवायच्या विमानात नको.

एक महत्त्वाचं, काही लोक मॉडेल विमानांचा तीन वायरींचा आरसी सर्वो वापरतात. त्याला पल्स सिग्नल लागतो आणि व्होल्टेजही कमी असतं. त्याला ही नऊ व्होल्टची टेस्ट लावाल तर मेलेला नसला तरी मरेल.

एकाच बाजूला जातं

इथे जवळजवळ सगळे चुकीचा रिले बदलतात, म्हणून नीट वाचा. दोन रिलेच्या सर्किटमध्ये बटण न दाबता मोटरची दोन्ही टोकं अर्थला असतात. डावं बटण दाबलं की डावा रिले ओढतो आणि त्याचं टोक प्लसला जातं, करंट मोटरमधून जाऊन उजव्या रिलेच्या आरामातल्या कॉन्टॅक्टमधून अर्थला परत येतो. म्हणजे डाव्या रिलेचा टिक आला, मोटर नाही, तर डावाच दोषी असं नाही, उजव्याचा बंद राहणारा कॉन्टॅक्ट काळा पडलेला असू शकतो. दोन्ही रिले सॉकेटमध्ये असतील तर अदलाबदल करा. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर रिले, तिथेच राहिला तर वायरिंग, नाहीतर बटण, नाहीतर सर्वोचा लिमिट स्विच.

बटण बदलूनही दोन-चार महिन्यांनी परत खराब होतंय? रिलेच्या कॉइलवर डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आहे का बघा. रिले सुटतो तेव्हा कॉइलमधून उलटा झटका येतो, डायोड नसेल तर तो बटणाच्या कॉन्टॅक्टवर ठिणगी होऊन बसतो. रोज थोडं थोडं जळतं, आणि स्टिकवरची बटणं इतकी नाजूक असतात की एक दिवस कॉन्टॅक्ट चिकटतात. चिकटले की ट्रिम थांबत नाही. १एन४००७ चा साधा डायोड कॉइलच्या दोन टोकांना लावायचा, पट्ट्याची बाजू प्लसकडे. उलटा लावलात तर बटण दाबताच ब्रेकर जाईल.

रिले नसलेल्या, दोन सीटला दोन स्विच समांतर जोडलेल्या विमानात एकाने डावं आणि दुसऱ्याने उजवं एकाच वेळी दाबलं तर थेट शॉर्ट होतो. "ब्रेकर कधीकधी उडतो, कारण सापडत नाही, फक्त सोबत कोणी असताना उडतो" ही तक्रार आली की मी हेच विचारतो.

दिवे नाचतात

रेडिओ दाबल्यावर फक्त इंडिकेटर उड्या मारत असेल आणि टॅब जागचा हलत नसेल, तर घाबरण्यासारखं नाही. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झचा सिग्नल हिरव्या वायरीत शिरतोय एवढंच. सेन्सरच्या तीन वायरी अँटेनाच्या केबलपासून लांब घ्या, शील्डेड केबल वापरा आणि शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. मात्र बाहेरच्या माणसाने टॅब बघायलाच हवा. दिवे आणि टॅब दोन्ही हलत असतील तर सिग्नल स्पीड कंट्रोलरमध्ये किंवा रिलेच्या सर्किटमध्ये घुसतोय, आणि तो प्रकार वेगळा, त्यात उडायचं नाही.

इंडिकेटर मध्येच अडकत असेल तर सेन्सर मोजा. नारिंगी आणि निळी यांच्यात सुमारे ५ किलोओहम स्थिर दिसायला हवा, हिरवी आणि निळी यांच्यात सर्वो सरकेल तसा आकडा सलग बदलायला हवा. मध्येच उडी आली तर सेन्सरची पट्टी झिजलीय.

विजेचं सगळं ठीक, मग हात लावा

सर्वोचा पुशरॉड (टॅबला ढकलणारा दांडा) टॅबपासून सोडवा आणि टॅब बोटाने हलवा. तो स्वतःच्या वजनाने पडायला हवा. घट्ट लागला तर नव्वद टक्के पेंट. विमान रंगवून आणलं आणि ट्रिम हळू झालं, ही जोडी ठरलेली आहे, रंग पियानो बिजागरीत शिरून बसतो. पीन काढून साफ करा, जोराने हलवून "मोकळी" करू नका. क्लेव्हिसचा (रॉडच्या टोकाच्या दुपाखी जोडाचा) जॅम नट घट्ट आहे का, पिनेला सेफ्टी क्लिप आहे का, आणि रॉडचे आटे क्लेव्हिसमध्ये पुरेसे शिरलेत का हेही आत्ताच बघा, परत उघडणार थोडंच आहात.

मग रॉड जोडून टॅबची ढिलाई मोजा. एलेरॉन जागेवर धरा, टॅबच्या मागच्या कडेला पट्टी किंवा डायल गेज लावा, हलकं वर-खाली दाबा. एफएएच्या (अमेरिकेच्या विमान-नियामक संस्थेच्या) फ्लटरवरच्या मार्गदर्शनात मर्यादा अशी आहे की एकूण ढिलाई बिजागरीपासून मागच्या कडेपर्यंतच्या अंतराच्या २.५ टक्क्यांच्या आत हवी. टॅब ६ सेंटिमीटर रुंद असेल तर दीड मिलिमीटर, बस. तुमच्या किटवाल्याने याहून कमी सांगितलं असेल तर त्याचं ऐका. दीड मिलिमीटर म्हणजे बोटाला नुसतं "जरा लूज आहे" असं वाटतं आणि लोक सोडून देतात. टॅबची ढिलाई सोडून द्यायची गोष्ट नाही, ही ट्रिमची तक्रार राहत नाही, विमानाच्या सुरक्षेची होते.

टॅब नसलेली, स्प्रिंगने स्टिकला ओढणारी सिस्टिम असेल, जशी बऱ्याच आरव्ही (घरी बांधायच्या किटची एक मालिका) विमानांत असते, तर तिथे बघायचं वेगळं. सर्वो मध्यावर असताना दोन्ही स्प्रिंगांना थोडा ताण हवा. एक लोंबकळत असेल तर मध्ये एक पट्टा असा येतो की बटण दाबताय, दिवे सरकतायत आणि काहीच घडत नाही. स्प्रिंगचे आकडे झिजलेत का बघा. आणि एलेरॉनची लिंक जड चालत असेल, रॉड-एंड कोरडे असतील, तर स्प्रिंगचा सगळा जोर घर्षणातच जातो. स्टिकला टिचकी मारली की पंख अचानक सरळ होतो? मग दोष घर्षणाचाच.

इतकं सगळं बरोबर आणि तरी प्रत्येक फ्लाइटला ट्रिम त्याच बाजूला टोकापर्यंत लागतं, तेव्हा विमानाची रिगिंग, म्हणजे पंख-फ्लॅप-एलेरॉनची जुळणी, बघायची वेळ आली. दोन्ही फ्लॅप सारखे बंद होतात का, एलेरॉन दोन्हीकडे एकाच रेषेत आहेत का, एलेरॉनच्या मागच्या कडेची गोलाई दोन्हीकडे सारखी आहे का. यातला छोटासा फरकही पंख जड करतो. जड पंख ट्रिमने झाकला की खरी गरज पडेल तेव्हा, एक टाकी रिकामी असताना, ट्रिमला सरकायला जागाच उरत नाही.

ट्रिम पळालं तर

हवेत ट्रिम थांबेना झालं तर स्टिकने विमान धरा, ब्रेकर ओढा, मग बाकीचं. म्हणून ट्रिमचा ब्रेकर वेगळा आणि हाताला लागेल असाच हवा, न बघता सापडायला हवा. टॅब असेल तर वेग कमी करा, टॅबचा जोर वेगाच्या वर्गाने बदलतो, वेग अर्धा तर जोर पाव. स्प्रिंगच्या सिस्टिममध्ये हा फायदा नाही, स्प्रिंग वेग बघून ओढत नाही. नवीन बसवलेल्यांनी जमिनीवर ट्रिम दोन्ही टोकांना नेऊन स्टिक उलट्या बाजूला पूर्ण जाते का बघावं, आणि मग उंचीवर, कमी वेगात, थोडं थोडं करून टोकापर्यंत जाऊन जोर आवरतो का ते तपासावं. आवरत नसेल तर ट्रॅव्हल कमी करा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

थरथर असेल तर थांबा. टॅबच्या बिजागरीपाशी चीर, सुटलेला रिव्हेट, ढिलाई मर्यादेबाहेर, थांबा. जळका वास आला आणि जागा सापडत नसेल, थांबा. ब्रेकर परत परत उडतोय आणि दोन तपासण्यांत कारण मिळालं नाही, तर विमानाचं वायरिंग करणाऱ्याला द्या.

आणि एलेरॉनमध्ये सर्वो नव्याने घातला असेल, टॅब कापून बसवला असेल, किंवा एलेरॉन परत रंगवलं असेल, तर बॅलन्स तपासल्याशिवाय उडू नका. सर्वो हलका असतो, मान्य, पण तो बिजागरीच्या मागे जातो, आणि मागे वाढलेला प्रत्येक ग्रॅम एलेरॉनला फ्लटरकडे नेतो. बॅलन्सिंग कसं करायचं ते किटच्या प्लॅनमध्ये असतं, पण प्लॅनमध्ये नसलेला टॅब तुम्ही स्वतः काढलेला असेल तर ते गणित डिझायनरने किंवा विमानाच्या स्ट्रक्चरचा अभ्यास असलेल्या इंजिनिअरने तपासायला हवं. विमान जिथे नोंदलंय तिथल्या नियमांत असा बदल मोठा धरला जाऊ शकतो आणि परत टेस्ट फ्लाइंगच्या टप्प्यात जावं लागतं, तेही आधीच विचारून घ्या.

बोलवलेल्या माणसाला "ट्रिम चालत नाही" एवढंच सांगू नका. नऊ व्होल्टवर दोन्ही दिशांना चालला की नाही, मोटर चालू असताना किती व्होल्ट, टिक येतो की नाही, ढिलाई किती मिलिमीटर, हे कागदावर लिहून द्या, त्याचा अर्धा दिवस आणि तुमचे तेवढे पैसे वाचतील. आणि काम झाल्यावर, कोणीही केलं असलं तरी, पॅनेल लावायच्या आधी दिशा स्वतः बघा: उजवं बटण दाबलं की डाव्या एलेरॉनवरचा टॅब वर जायला हवा, म्हणजे हवेत तो एलेरॉनला खाली ढकलेल, डावा पंख उचलला जाईल आणि विमान उजवीकडे कलेल. दोन पांढऱ्या वायरी सारख्याच दिसतात, उलट लागायला एक सेकंद पुरतो.